डब्याचं झबलं

“फोनवर नुसतं चाक फिरतंय! वायफायचा डबा बसवलास का शोभेचं भांडं?” चाळीच्या खोल्यांमधल्या बोळात शेजारचा विकी गोकुळवर तुटून पडला होता.

“विकीभाऊ, कालपर्यंत ठीक होता. बघतो ना मी.”

“आता नको बघू. मालकाला सांगून दुसरा माणूस आणतो.”

मागच्या वर्षीची नरोली गावातली गोष्ट. आत आपल्या खोलीत कोथिंबीर निवडणाऱ्या मंजुळाबाईंचा हात थांबला. नजर फळीवरच्या डब्याकडे गेली. हात लावला, तर तापलेला तवा!

गोकुळ शिरपूरकडचा, वायफाय सांभाळणारा. डबा त्यानंच बाईंच्या खोलीत ठेवला होता. “मावशी, तुम्ही सकाळी पिंप भरता, म्हणजे दिवसभर नळाकडे पळायला नको. तसंच हे. लोक जास्त बघतात ते व्हिडिओ हा पहाटेच आणून ठेवतो. मग दर वेळी लांबून मागवायला नको.”

सगळ्या चाळीची तहान भागवणारा तो, आणि उघडा? मिक्सरला झबलं, टीव्हीला झबलं. बाईंनी आदल्या दिवशी जुन्या परकराचं झालरवालं झबलं शिवून त्यालाही चढवलं. वारा जायची भोकं झालरीखाली गेली. डबा उकडून गपगार.

बाहेर जाऊन एवढंच सांगायचं होतं. पण विकी जन्मभर हसेल, या धाकानं पाय उचलेना.

गोकुळ आत आला. झबलं काढलं, बाईंकडे पाहिलं, ते खिशात कोंबलं. बाहेर जाऊन म्हणाला, “चूक माझीच. डबा कोंडला होता.”

त्या दिवसापासून बाईंना घास गोड लागेना. शेवटी नळावर, विकीसकट सगळ्यांसमोर, बोलून टाकलं. आधी हशा पिकला, मग कुणी कुणाकडे बघेना. विकी पुटपुटला, “आधी सांगायचं ना, मावशी. मालकानं नवा माणूस ठेवलासुद्धा.”

गोकुळला दादरा गावात काम मिळालं. जायच्या दिवशी तो बाईंच्या खोलीची जादा किल्ली परत द्यायला आला. बाई मान खाली घालून म्हणाल्या, “सांगितलं रे मी सगळ्यांना.”

“कळलं,” तो हसला. “झबलं माझ्याकडंच राहू द्या. पाना-पकड ठेवायला बरं पडतंय.”

मग नेहमीसारखी त्यानं डब्यावरची धूळ पुसली. ताप बघावा तसा त्याच्या पाठीवर तळवा टेकवला, खिडकी उघडली आणि चपला घालता घालता विचारलं,

“पिंप भरलं का, मावशी?”