बोरकर साहेबांचे पापड

वेधशाळेत पावसाची नोंद होते, किश्श्यांची होत नाही. मग ते डोक्यात साचत जातात. नव्वदच्या दशकात नागभीडजवळच्या आमच्या छोट्या केंद्रात मी निरीक्षक होतो, आणि माझ्याकडचे सगळे किस्से बोरकर साहेबांचे आहेत.

*

नवा असताना विचारलं, वादळ तयार होताना दोन हवांमधली सीमा कशी बनते? साहेबांनी डब्यातला भात एका बाजूला घेतला, घट्ट वरण दुसऱ्या, आणि दोन्हीकडून बोटांनी दाबलं.

"हे समुद्राकडची ओली हवा, हे उत्तरेची कोरडी. वारा दोघींले ढकलते, तशी मधली रेघ पक्की होते. फरक किती हाये ते नको पाहू, किती झपाट्यानं वाढून राह्यला ते पाह्य."

मग ते जेवायला लागले. डबा माझा होता!

*

एकदा माझ्या नकाशावर आमची हवा चिंब आणि शेजारच्या पोंभुर्णा केंद्राची कोरडी. फरक भलताच! मी धावत सांगायला गेलो. साहेबांनी शांतपणे ओल्या थर्मामीटरच्या फडक्याला हात लावला. कोरडं ठणठणीत. पाणी घालायला मीच विसरलो होतो, आणि ते फडकं वाळलं की कोरडी हवाही नोंदीत चिंब दिसते.

"हे रेघ तुह्या आळसानं तयार केली," एवढंच म्हणाले.

*

अंदाज सांगायची आम्हाला बंदी होती. तो वरच्या ऑफिसातून यायचा. पण वीटभट्टीवाल्या रशीदभाईंचा भरवसा बोरकर साहेबांवर. रशीदभाईंनीच तोड काढली होती. साहेबांचं घर केंद्राच्या आवारातच होतं; छतावर वाळत घातलेले पापड त्यांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, उचलले, की रशीदभाई कच्च्या विटा झाकायचे.

"म्या कोणाले काही सांगतलं नाई," साहेब म्हणायचे.

*

मार्चमधली एक दुपार. बाई माहेरी, छत रिकामं, त्यात वरून तपासणीचे अधिकारी आलेले. वरचा अंदाज कोरड्या हवामानाचा. इकडे पोंभुर्ण्याच्या आणि आमच्या हवेतला फरक दर तासाला वाढत होता. फडकं मी दोनदा तपासलं, ओलं होतं.

रशीदभाई फाटकाशी आले. "साहेब, महिनाभराची मेहनत उघडी पडली हाये. काही त बोला."

अधिकारी ऐकत होते. बोरकर साहेब उठून घरात गेले. पापडांचा डबा घेऊन छतावर चढले, एकेक पापड उन्हात मांडला, रशीदभाई बघताहेत ना ते पाहिलं आणि सगळे परत उचलले.

रशीदभाई सायकलवर टांग मारून निघाले.

चारच्या सुमारास गारा पडल्या. तोवर विटा ताडपत्रीखाली गेल्या होत्या. पत्र्यावरचा आवाज थांबला तेव्हा अधिकाऱ्यांनी विचारलं, "बोरकर, दोन मिनिटांत पापड वाळतात?"

"आपल्याकडचं ऊन भलतंच कडक हाये, साहेब."