अर्ध्यावर उतरवलेलं लुगडं

आक्काला ‘बघू’ म्हटलेलं खपत नसे. कुणी म्हटलंच, तर समोर बसून विचारायची, "कवा बघणार, त्ये सांग."

माझी ही थोरली बहीण शहापूरच्या विणकराच्या घरात दिलेली. लवकर विधवा झाली, पण मागावरून उठली नाही. थोरल्या दिरांच्या घरात राहून तिने विणलेली लुगडी मी खांद्यावर टाकून गावोगाव विकली, तेव्हा कुठे खडेबाजारात माझं दुकान उभं राहिलं.

एके वर्षी तिच्या छातीत गाठ आली. मी तिला मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे. आता कापली तर बाई वाचेल, काखेत पसरल्यावर माझ्या हातात काही राहणार नाही. सवयीने मी फीवरून घासाघीस सुरू केली. आक्काने माझा सदरा ओढला. "गप रं तात्या, ह्यो खडेबाजार न्हाय." आणि ऑपरेशनला परवाचा दिवस तिनेच ठरवून टाकला.

कपडे घ्यायला घरी आलो, तर दीर आडवे आले. मागावर कुणा नवरीचं लुगडं अर्धं झालेलं. अर्धं लुगडं कापणं अशुभ. ते पुरं होऊ दे, मग दसरा होऊ दे, एवढी घाई कसली? आक्काने कात्री घेतली, ताण्याचे उभे धागे कापले आणि लुगडं खाली उतरवलं.

"लुगडं दुसरं लावता येतं, भावजी. मी दुसरी कुठनं आणू?"

ती बरी होऊन परत मागावर बसली. तरी घरात काही बिनसलं की दीर त्या कात्रीवर खापर फोडत. पुढे त्यांच्याच गालात आतून जखम झाली, ती भरेना. आक्का रोज मागे लागायची. ते म्हणायचे, दसरा झाला की जाऊ. मग दिवाळी झाली की. गेले तेव्हा डॉक्टरांनी कापायला नकार दिला. शेवटपर्यंत त्यांना पेज आक्कानेच भरवली.

ती मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, म्हातारी होऊन तापाने गेली. दिरांची मुलं अजून म्हणतात, देवीने तारलं. ऐकलं की माझं डोकं फिरतं. मिरजेच्या गाडीत तिच्याशेजारी मी बसलो होतो, ही मुलं नव्हती.

तिला शेवटची आंघोळ घालताना बायकांनी तिच्या छातीवरचा वण पाहिला, असं माझ्या बायकोने सांगितलं. कुणी दचकलं नाही. त्या बायकांतल्या दोघींच्या छातीवर तसाच वण होता. त्यांना मिरजेला आक्काच घेऊन गेली होती.