बशीरचाचांचे सहा जण

बशीरचाचा माझ्या दुकानात आले की आधी चपलांकडे बघायचे, मग माणसांकडे. तेरखेड्याच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. धूळ आत येऊ नये म्हणून मी दारावर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी लावली आहे, आणि ती पाटी मनापासून मानणारे गावात बहुधा ते एकटेच होते. उंबऱ्यात थांबून ते आधी जोड बघायचे, मग आत डोकावून माणसं. मेळ बसला की स्वारी खूश. नाही बसला, तर तिथूनच आवाज यायचा, "आत तिघं हायती, भायेर जोड दोनच. कोन ऱ्हायलं रं?" मग कोणीतरी चपलांसकट आत शिरलेला ओशाळून बाहेर जायचा. मला वाटायचं, म्हातारा फुकटात माझ्या पाटीची राखण करतोय.

गावाबाहेरच्या एका फटाक्याच्या कारखान्यात ते तीस वर्षं मुकादम होते. उंच, वाळके, दाढी नीट कातरलेली, अंगात बारा महिने सुती सदरा. नायलॉनच्या कपड्यांवर त्यांचा जन्माचा राग. माझा एक चकचकीत शर्ट होता. तो घातला की ते माझ्यापासून दोन हात लांब बसायचे आणि म्हणायचे, "घासून ठिनगी पडती ह्याला. तू एकटाच बस." डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नसे, म्हणून कायम माझ्या डाव्या बाजूच्या स्टुलावर बसायचे, म्हणजे चालू कान माझ्याकडे. कान कशानं गेला असं विचारलं की सांगायचे, "माज्या शादीत बँडवाला लई जवळ हुबा ऱ्हायला." आणि मग लगेच छाती काढून, "पर तीस वर्सं फटाक्याच्या दारूत हात घातला, अंगावर एक फोड न्हाय!" हे वाक्य मी किमान दोनशे वेळा ऐकलं असेल.

गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर राक्षसांच्या झुंजीचा खेळ खेळायचो. वयाची सव्वीस वर्षं झालेल्या माणसानं हे सांगू नये, पण त्या खेळात माझा जीव अडकला होता. दोन्हीकडे सहा-सहा राक्षस. एका वेळी एकानं पुढं यायचं. कोणी आगीला भितो, कोणी पाण्याला, कोणी विषाला. पुढचा दमला तर त्याला मागं घेऊन दुसरा पाठवता येतो, पण मग येणाऱ्याला आल्या आल्या एक तडाखा सोसावा लागतो. मी सहाच्या सहा मारकुटे घेतले होते. बचाव वगैरे मला भेकडांची कामं वाटायची. परिणाम असा की उमरग्याचा एक मेडिकलवाला मला ओळीनं पाच वेळा लोळवून बसला होता आणि हरवल्यावर दर वेळी हसरं तोंड पाठवायचा. धाराशिवला एका क्लासच्या हॉलमध्ये या खेळाची स्पर्धा होणार होती. ती मला जिंकायची होती, आणि खरं सांगायचं तर तिथं फक्त त्या हसऱ्या तोंडाला हरवायचं होतं.

सहाव्यांदा हरलो त्या दुपारी चाचा शेजारीच होते. इतके दिवस ते नुसते बघायचे. त्या दिवशी म्हणाले, "एक इचारू? तुजे चार गडी एकाच आगीत मेले. तू त्यास्नी एका शेडात बसवलंस का काय?"

मी तपासलं. खरंच, सहातले चार आगीला भिणारे होते. वर्षभर खेळत होतो, हे एकदाही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग चाचांनी रद्दीतला एक वाया गेलेला झेरॉक्स मागून घेतला, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर सहा चौकोन काढले आणि मला कारखाना शिकवला. एका शेडात माणसं थोडी. दोन शेडांच्या मध्ये मातीचा बांध. दारं दोन, आणि दाराच्या वाटेत काही म्हणजे काही ठेवायचं नाही. "कोन मारंल ते मागून बगू. आदी सांग, कोन कशानं पेटतंय, आन पेटला तर त्येच्या शेजारी कोन हाय." आमचा संघ त्या कागदावर उभा राहिला. आगीला भिणाऱ्या प्रत्येकामागं आग पचवणारा एक. विषाला भिणाऱ्यामागं विष चालत नाही असा एक. जाड पाठीचं कासव आलं, दगडी म्हैस आली, जखमा भरणारी एक गोगलगाय आली. माझे देखणे, नखं काढून उभे राहणारे वाघ-गरुड सगळे घरी बसले. मला रडू यायचं बाकी होतं.

खेळात राक्षसांना आपली नावं देता येतात हे कळल्यावर चाचा हरखले. त्यांनी एका दमात सहा नावं सांगितली, जशी काही तयारच होती: दत्तू, मुमताज, शिवलिंग, कौसल्या, इस्माईल, रखमा. कासव दत्तू झालं, म्हैस मुमताज, आणि गोगलगाय झाली रखमा. मी विचारलं, "ही कोण मंडळी?" म्हणाले, "हायती गावातली." आणि दोन अटी घातल्या. झुंजीच्या आधी सगळ्यांची नावं मोठ्यानं घ्यायची. आणि मुद्दाम कोणाला मरू द्यायचं नाही. ही दुसरी अट मला जाचायची, कारण एखाद्या दमलेल्याला मरू दिलं की पुढचा तडाखा न खाता आत येतो. सगळे खेळाडू हे करतात. मी समजावायला गेलो, की चाचा म्हणायचे, "तुजे सगळे खेळाडू गेले खड्ड्यात. रखमाला काय झालं तर माज्याशी गाठ हाय."

आणि "सगळे सहा आहेत, चाचा" असं म्हटलेलं तर त्यांना मुळीच चालायचं नाही. "आकडा नगं सांगू. नावं घे."

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. मेडिकलवाल्याकडे एक लोखंडी राक्षस होता. सरावात तो समोर आला तेव्हा मी पाण्याचा मारा करणार, तेवढ्यात चाचांनी माझा हातच धरला. "धातूच्या भुकटीवर पानी? याडा हायस का! भडका हुतोय. वाळू टाक, वाळू!" मी वाळूवाला पाठवला. त्याचा पार चुराडा झाला आणि मी सातव्यांदा हरलो. नंतर खेळाचे नियम काढून दाखवले, की इथं धातूवर पाणी चालतं. चाचांनी चष्म्यातून ते नीट वाचलं आणि मान हलवली. "ह्यो खेळ करनारा एक दिस तरी आमच्यात कामाला याय पायजे हुता." नियमापुढं त्यांनी हार मानली नाही. शेवटपर्यंत मी पाण्याचा मारा केला की ते तोंड फिरवायचे.

स्पर्धेला ते माझ्याबरोबर एसटीनं आले. माझा चकचकीत शर्ट बघून आधी जागा बदलली, मग धाराशिव येईस्तोवर परत शेजारी आले. आमचा खेळ बघणाऱ्यांना भयंकर कंटाळवाणा वाटला असणार. समोरचा आदळआपट करायचा, आम्ही सोसायचो, मागं घ्यायचो, रखमा जखमा भरायची. दुसऱ्या फेरीत परीक्षक उठून चहा पिऊन आले तरी डाव तिथंच होता. पण माणूस मारून मारून दमतो, आणि दमला की चुकतो. तसे एकेक करत सगळे चुकले आणि फायनलला समोर आला उमरग्याचा मेडिकलवाला.

तिथंही आमचं ठीक चाललं होतं. त्याचे दोनच उरले होते, माझे सगळे उभे होते. पुढं रखमा होती आणि तिच्यात एका फटक्याचाही जीव नव्हता. तिला मागं घेतलं तर मुमताजला येता येता तडाखा बसणार, मग डाव कुठंही गेला असता. रखमा पडू दिली तर मुमताज ताजी येणार आणि खेळ खलास. चाचा मागून वाकले. "तिला मागं घे."

"चाचा, ती गेली की जिंकतोय आपण."

"मागं घे म्हनतो न्हवं!"

मी घेतलं नाही. रखमा पडली. मुमताज आली आणि पुढच्या दोन फटक्यांत मी जिंकलो. मेडिकलवाल्यानं हात मिळवला, हसरं तोंड नव्हतं. ट्रॉफी घेऊन मी मागं वळलो तर चाचांची खुर्ची रिकामी. ते बाहेर चपला घालत होते.

एसटीत मी त्यांची मनधरणी केली. "पाच उरले की चाचा, पाच!"

"आकडा नगं. कोन न्हाय ते सांग."

"रखमा. पण हे बघा, झुंज संपली की ती परत उठते." मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. गोगलगाय टवटवीत, शिंगं हलवत उभी होती.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "उटली व्हय," म्हणाले. "बरा हाय तुजा खेळ." आणि तेरखेडा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

आठ दिवस ते दुकानात आले नाहीत. मला राग आला. एका गोगलगायीवरून एवढं काय, असं मी आईलाही बोलून दाखवलं. नवव्या दिवशी आले, चपला बघितल्या, माणसं बघितली, स्टुलावर बसून चहा मागितला. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. माझी मात्र पुन्हा तसं करायची हिंमत झाली नाही, आणि त्यामुळं पुढं मी पुष्कळ डाव हरलो.

यंदा थंडीत चाचा गेले. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या प्रार्थनेला, मी त्यांच्या घरी गेलो. दारात चपलांचा ढीग होता. चाची आतल्या बायकांत होत्या. ओसरीवर एक म्हातारी, कपाळाला मोठं कुंकू, भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ जागा बघून बसलो. तिनं माझं गाव-घर विचारलं, मी तिचं नाव विचारलं.

"रखमा," ती म्हणाली. "बशीरभाईंच्या शेडात हुते म्या."

मी नुसती मान हलवली. तिला वाटलं, मला सगळं माहीत आहे, म्हणून तीच बोलत राहिली. शेडात सहा जण असायचे. आत अनवाणी जायचं, चपला दारात. कामाची सुट्टी झाली की मुकादम चपला बघायचा. जोड नाही म्हणजे आत माणूस नाही. त्या दुपारी वाळत घातलेल्या दारूचा वेगळाच वास आला आणि चाचांनी आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढलं. दारात एकही चप्पल राहिली नाही. "पर माज्या चपलेचा अंगठा तुटला हुता सकाळी. म्या अनवाणीच आलते. कोपऱ्यात पुड्या भरत हुते, कानावरून पदर. हाक ऐकायच आली न्हाय. भाईंनी चपला बगितल्या, म्हनले, झालं, सगळी भायेर. मग काय वाटलं त्येंस्नी, नावं घेतली. रखमा म्हनल्यावर कुनी व्हय म्हनंना."

चाचा आत धावले, तिची वेणी धरून मागच्या दारानं फरपटत बाहेर काढलं, आणि मागं शेड उडालं. "फोड न्हाय आला एक बी. कान तेवढा गेला. कुनाला सांगू नगं म्हनले. चूक त्येंची हुती म्हनं. चपला मोजल्या, मानसं मोजली न्हाईत."

मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. मग मी तिला सगळं सांगून टाकलं: खेळ, कागदावरचे चौकोन, सहा नावं, गोगलगाय. आणि हेही, की ट्रॉफीसाठी तिला मीच मरू दिलं.

रखमाबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. "आठ दिस बोलले नसतील तुज्याशी!" म्हणाल्या. मग डोळे पुसून विचारलं, "अजून हायत का आमी तुज्याकडं?"

"आहात ना. सगळे स..." मी जीभ आवरली आणि नावं घेतली. दत्तू, मुमताज, शिवलिंग, कौसल्या, इस्माईल, रखमा. प्रत्येक नावाला त्या मान हलवत होत्या.

"दत्तू गेला गेल्या साली," म्हणाल्या. "तापानं. तुज्यात हाय नव्हं त्यो?"

"आहे."

"ऱ्हाऊ दे मग."