धुतलेली लाकडी जमीन

सांडोर गावातल्या केळीच्या वाडीत शॅननचं घर उभं राहिलं. भिंती कारखान्यातून तयार आलेल्या, आत एसीची गरजच पडू नये अशा. जमीन लाकडी. ती म्हाताऱ्या आग्नेल सुताराने गुडघ्यांवर सरकत सरकत बसवली आणि सुटलो म्हणून घर गाठलं.

रविवारी सकाळीच त्याला शॅननचा फोन. संध्याकाळी फादर घराला आशीर्वाद द्यायला येणार, म्हणून तिची आई क्लेमेंटीन हिने आदल्या दिवशी बादल्या ओतून जमीन धुतली होती. फळ्या फुगून वर आल्या होत्या.

"मावशी, लाकूड आहे ते, अंगण नाय!" आग्नेल आल्या आल्या म्हणाला.

"मग काय, न धुता फादरना घरात घेऊ?"

आग्नेल पुन्हा गुडघ्यांवर बसला. तो दिवसभर फळ्या उपटत राहिला.

फादर आले. प्रार्थनेला सगळ्यांनी गुडघे टेकले. आग्नेलचे सकाळपासून टेकलेलेच होते.