मिटल्या डोळ्यांचा वाटाड्या

गावात कुजबुज होती, की बुरुजावरच्या वाटाड्याला जुना किल्लेदार दिसतो. नाहीतर माथ्यावर पोचताच माणूस डोळे कशाला मिटेल? भिंतीला पाठ चिकटवून तो नदीचं वळण, चिंचांची रांग, पलीकडची टेकडी अशी रंगवून सांगे, की पाहुणे समोरचं सोडून त्याच्याच तोंडाकडे बघत.

ही सगळी शिदोरी बायकोची. खाली तिकिटं फाडायला बसण्याआधी ती रोज वर जाऊन बघून येई आणि त्याला पढवी. एकदा दोघांत अबोला झाला, आणि नेमका त्याच दिवशी तपासणीला साहेब आला. वाटाड्याची नोकरी आता त्याच्या हातात.

"ती बघा साहेब, नाव निघाली भरून!"

"अहो, नाव तर काठावर पालथी पडलीय. डांबर लावताहेत तिला!"

वाटाड्याने डोळे आणखी घट्ट मिटले. इतक्यात राग गिळून मागोमाग चढलेली बायको जिन्यातून म्हणाली, "साहेब, त्यांना शंभर वर्षांपूर्वीचं दिसतं. किल्लेदार दाखवतो ना!"

साहेबाने हातच जोडले. नोकरी वाचली.

वाटाड्याला उंचीची भीती वाटायची. वरून गाव कसं दिसतं, ते त्याने कधीच पाहिलं नव्हतं.