विलासदादाची भीती

विलासदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिरा रोडच्या एका सात मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये उकिडवा बसलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. लिफ्टला मजल्यावर धरून ठेवणारा एक ब्रेक असतो. त्याचं झिजलेलं लायनर, म्हणजे चाकाला घट्ट पकडणारी पट्टी, काढून नवीन बसवायचं काम चाललं होतं. "तू जाऊन सुरुवात कर, मी मागाहून येतो," असं दादाच आठ वाजता म्हणाला होता. फोनवर वहिनी होत्या. "सुधाभावजी, हे बघा ना कसं करतायत... बूट घालायला बसले ते उठतच नाहीयेत..." आणि मागून शेजारच्या कुणाचा तरी आवाज आला, "गेले हो ते." मी फोन खिशात ठेवला आणि हातातलं काम पुरं केलं. का केलं, ते आजही सांगता येत नाही. बोल्ट आवळले, लिफ्ट बंद ठेवली, खाली दारावर 'काम चालू आहे'ची पाटी होतीच. सात मजले जिन्याने उतरलो. तसाही मी जिन्यानेच उतरलो असतो. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, पण लिफ्टमध्ये पाय ठेवायचा म्हटलं की माझी पाचावर धारण बसते. हे जगात एकट्या विलासदादाला ठाऊक होतं.

तो माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. रत्नागिरीहून आला तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज एक पिशवी होती म्हणतात. कुणाच्या तरी हाताखाली लिफ्टच्या कामाला लागला, शिकला, मग भाईंदरला केबिन रोडच्या एका गल्लीत छोटासा गाळा घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. गेला तेव्हा भाईंदर आणि मिरा रोडमधल्या सव्वीस इमारतींच्या लिफ्ट त्याच्या भरवशावर चालत होत्या. यातली एकही इमारत त्याने जाहिरात करून मिळवलेली नाही आणि एकीनेही त्याला कधी सोडलं नाही. शोकसभेत लोक बोलले. कुणी त्याची मेहनत सांगितली, कुणी चिकाटी. एकजण म्हणाला, "सकारात्मक विचार, हेच विलासरावांच्या यशाचं रहस्य." मी मागे बसून ऐकत होतो आणि मला त्या अवस्थेतही हसू आलं. दादाइतका नकारात्मक विचार करणारा माणूस मी पाहिलेला नाही. सकाळी उठल्यापासून आज काय काय बिघडू शकतं याचा तो हिशेब मांडायचा. आमच्या मंडळाने एकदा त्याचा सत्कार केला आणि मुलांना यशाचा मंत्र सांगा म्हणून माईक हातात दिला. दादा उठला, दोन वेळा घसा खाकरला, "घाबरत राहा," एवढं म्हणाला आणि खाली बसला. आयोजकांना वाटलं याला सभेची भीती वाटली. ती वाटली होतीच, पण त्याचं भाषणही तेवढंच होतं.

मी कारखान्यातली नोकरी सुटून घरी बसलो होतो तेव्हा त्यानेच बोलावलं. पहिल्याच आठवड्यात मला लिफ्टच्या टपावर उभं केलं. खाली काळोखी विहीर, वर तेलकट दोर, चारी बाजूंनी भिंती, आणि तुम्ही ज्यावर उभे तेच हलतंय... एक मजला चढलो नसू, मी मटकन खाली बसलो. हाताची बोटं दोराभोवती अशी घट्ट झाली की दादाला एकेक करून सोडवावी लागली. तो हसेल, घरी जा म्हणेल, असं वाटलं. त्याच वेळी आमच्याकडे पंधरा वर्षांचा अनुभव असलेला एक मेकॅनिक लागला होता, टपावर शीळ घालत चढणारा. दादाने तिसऱ्या दिवशी त्याला निरोप दिला आणि मला ठेवून घेतलं. मी म्हटलं, "दादा, अरे उलटं झालं हे." तर म्हणाला, "त्याला भीतीच नाही वाटत, सुधा. तो कुणाला तरी मारील. तुला वाटते. तू कामाचा आहेस." आमची आई मला लहानपणापासून ऐकवायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. हे मी दादाला सांगितलं, तर त्याचं उत्तर तयार, "असू दे की पाठी. माणूस निदान मागे वळून तर बघतो."

त्या दिवसापासून आमची वाटणी ठरली. मी वर मशीन रूममध्ये आणि तो लिफ्टमध्ये. काम झालं की लिफ्ट चालू करायची सही करण्याआधी तो एकटा आत शिरायचा, वरून खाली, प्रत्येक मजल्यावर थांबत, तीन फेऱ्या. "आधी आपण, मग लोक." मला त्याने एकदाही आत चल म्हटलं नाही. कुणी विचारलंच तर "सुधाला वरचं काम चांगलं जमतं" म्हणून मोकळा व्हायचा. बावीस वर्षं माझी लाज त्याने अशी झाकली. मी मात्र मनात म्हणायचो, कसा हा बेधडक माणूस! एकदा जाळीच्या दारातून तो आत जाताना मी खालीच होतो. जाळी ओढणारा त्याचा हात पाहिला, तर तो थरथरत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय बघतोयस? दर वेळी होतं." दर वेळी! म्हणजे हा माणूस रोज माझ्याइतकाच घाबरत होता आणि रोज आत जात होता. मला त्या दिवशी धीर यायला हवा होता. उलट मी जास्तच घाबरलो. ज्याच्या पाठीमागे मी लपलो होतो, तो भिंत नव्हता, माझ्यासारखाच माणूस होता.

बाकी त्याच्या सवयींची आम्ही सगळेच टिंगल करायचो. ब्रेकला हात लावण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा. वहिनी म्हणायच्या, "देवपूजेला एवढे धूत नाहीत." ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचायचा आणि आधी नुसता कान देऊन उभा राहायचा. 'चालतंय' हा शब्द त्याच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. मोठे टॉवर चालून आले, त्याने घेतले नाहीत. "स्वतः जाऊन बघता येईल तेवढंच घ्यायचं," म्हणाला. मला तेव्हा तो करंटेपणा वाटला होता.

हे सगळं कुठून आलं, ते त्याने मला एकदाच सांगितलं. चेण्याला एका बंगल्याची छोटी लिफ्ट बघून परतताना घोडबंदरच्या रस्त्यावर आम्ही चहाला थांबलो होतो. समोरून ट्रक जात होते, त्यामुळे तो मधे मधे थांबायचा. हाताखाली काम करत होता त्या दिवसांतली गोष्ट. एका इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या दाराचं कुलूप नीट बसत नव्हतं. बंद होताना त्याचा आवाज वेगळा यायचा. ज्याच्या हाताखाली होता तो म्हणाला, "चालतंय, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी एका गृहस्थाने दार ओढलं, ते उघडलं, आणि आत लिफ्ट नव्हती... जीव वाचला, पाय गेला. "आवाज मला ऐकू आला होता, सुधा," दादा म्हणाला. "बोलायला हवं होतं. नवा होतो, बोललो नाही." दर दिवाळीला तो एका पायाने अधू असलेल्या गृहस्थाकडे फराळ घेऊन जायचा, ते का, हे मला त्या दिवशी कळलं. त्या गृहस्थांना बहुधा शेवटपर्यंत कळलं नाही.

दादा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मिरा रोडच्या त्या सात मजली इमारतीच्या सेक्रेटरीचा फोन आला. लिफ्ट अजून बंदच होती. सहाव्या मजल्यावरच्या शांताबेनना एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागायचं आणि त्यांचे दोन मुलगे त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवत होते. मी गेलो तेव्हा तीच वरात तिसऱ्या मजल्यावर टेकली होती. मुलगे घामाने निथळत होते आणि शांताबेन डोळे मिटून कठड्याला धरून होत्या. मला बघून त्यांनी डोळे उघडले. "विलासभाई नहीं आए?" त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी मान हलवली आणि वर चढलो. सेक्रेटरी माझ्या मागोमाग. "काम तो हो गया था ना उस दिन? बस साइन कर दो. विलासजी का काम है, हमको पूरा भरोसा है."

काम विलासजींचं नव्हतं, माझं होतं. सही माझी लागणार होती. खरं सांगायचं तर पेन मी खिशातून काढलंही होतं. सही करून जिन्याने उतरून जायचं, कुणाला काय कळणार होतं? सातव्या मजल्यावर ते जाळीचं दार होतं, आत पिवळा दिवा, तीन माणसं मावतील एवढी ती पेटी.  मला घरी जायचं होतं. दादाचा इतका राग आला की विचारू नका. मरायला हाच आठवडा सापडला का याला? हात थरथरत होता. दर वेळी होतं, तो म्हणाला होता. मी पेन खिशात टाकलं, जाळी ओढली आणि आत शिरलो.

सहाव्या मजल्यावर थांबली, नीट. पाचव्यावर थांबली आणि मला वाटलं, काहीतरी हललं. मी स्वतःला म्हटलं, तुझे पाय लटपटतायत, लिफ्ट नाही. चौथ्यावर मी जमिनीकडे टक लावून उभा राहिलो. लिफ्ट थांबली, जाळी उघडली... आणि ती बोटभर वर सरकली. आपोआप. ब्रेक नीट धरत नसेल तर जवळपास रिकामी लिफ्ट खाली नाही, वर जाते, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेलं वजन तिच्यापेक्षा जड असतं. हे लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मी उडी मारून बाहेर आलो आणि भिंतीला पाठ लावून तिथेच बसलो. डोळ्यांसमोर एकच चित्र. शांताबेनची खुर्ची अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि लिफ्ट वर निघालीय...

सेक्रेटरी जिन्याने मागोमाग उतरून आला होता, वाकून बघत होता. "इतना तो चलता है ना?"

"नाही चालत," मी मराठीतच ओरडलो. "आत्ता मिळणार नाही लिफ्ट. संध्याकाळी बघू." आयुष्यात मी कुणाला इतक्या मोठ्याने 'नाही' म्हटलं नव्हतं.

वर जाऊन ब्रेक उघडला. नव्या लायनरवर ग्रीसचे चार डाग होते. चार बोटं. माझी. त्या सकाळी आधी कप्पीच्या बेअरिंगला ग्रीस भरलं होतं, मग वहिनींचा फोन आला, आणि हात न धुताच मी ते लायनर बसवून निघून आलो होतो. चूक ना कंपनीची, ना नशिबाची. मी त्या मशीनशेजारी बसून रडलो. दादा गेल्यापासून पहिल्यांदा, आणि तेही निम्मं दुःखाने, निम्मं भीतीने. मग बाहेर येऊन गच्चीच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, दुसरं लायनर आणवलं, बसवलं. तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही फेऱ्यांत माझा घामटा निघाला. लिफ्ट जागची हलली नाही. सही केली तेव्हा पाच वाजून गेले होते. शांताबेन दवाखान्यातून परत आल्या तेव्हा मी खालीच थांबलो होतो. त्यांची खुर्ची आत गेली, जाळी लागली, आणि वर सहाव्याचा दिवा लागेपर्यंत मी देवाचं नाव घेत होतो.

माझी भीती आता मी लोकांना सांगून टाकलीय, तर ते म्हणतात, आता ती मोडली असेल. काय सांगू त्यांना? पूर्वी मी एका लिफ्टला घाबरायचो, आता सव्वीस लिफ्टना घाबरतो. हे लिहितोय तेव्हाही कुठेतरी कुणीतरी बटण दाबतंय, शाळेचं दप्तर घेऊन, भाजीची पिशवी घेऊन, फोनवर बोलत, आणि ते निर्धास्त आहेत कारण घाबरायचं काम त्यांनी कुणावर तरी सोपवलंय. दादा हे एवढं ओझं घेऊन जेवायचा कसा, झोपायचा कसा, हे त्याला विचारायचं राहून गेलं. त्याच्या हयातीत मी त्याला शूर समजत राहिलो, आणि शूर माणसाची चौकशी कोण करतो?

त्याची एक खोड सांगायची राहिली. फोन उचलला की तो हॅलो म्हणत नसे. कुणाचाही असो, पहिलं वाक्य ठरलेलं, "आत कोणी अडकलंय का?" वहिनींनी घरून केला तरी तेच. वहिनींनी त्यावर वैतागणं केव्हाच सोडून दिलं होतं. "कोणी अडकलं नाही, येताना कोथिंबीर आणा," असं त्या एका दमात सांगून फोन ठेवायच्या. परवा दुपारी मी गाळ्यात एकटा होतो आणि फोन वाजला.  नाव न बघताच उचलला आणि तोंडातून निघून गेलं, "आत कोणी अडकलंय का?"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि मला कळलं, वहिनी आहेत. मी जीभ चावली. मग त्याच बोलल्या, हळू, पण नेहमीसारख्या एका दमात.

"कोणी अडकलं नाही, भावजी. येताना कोथिंबीर आणा."