दोन बोटांचा रेटा

गायकवाड मॅडम कुणाला ढकलत नसत. पाठीवर दोन बोटं टेकवायच्या आणि म्हणायच्या, "हं, जा की!" फळ्यापाशी अडखळलेली मुलगी असो, नाहीतर एसटीच्या दारात घुटमळणारी मी, तेवढ्या रेट्यावर आम्ही पुढे व्हायचो. किकवीच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. माझ्या कवितांपेक्षा त्यांच्या तासाला मुलं जास्त रमायची, याचा मला अस्सा राग यायचा! पण काय करणार, मीही दाराशी उभी राहून ऐकायचे.

त्यांची लाडकी विद्यार्थिनी सारिका, किकवीजवळच्याच एका गावातली. इंजिनिअर झाली आणि सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानाच्या इंजिनावर काम करायला तिला बंगळूरहून बोलावणं आलं. वडील, शंकरराव, अडून बसले. मॅडम मला घेऊन थेट त्यांच्या अंगणात.

"रामराम म्याडम. पन पोरगी न्हाई धाडायची. शीव वलांडून गेल्याली पोर परत आपली ऱ्हाती व्हय?"

"जय भीम, शंकरराव. शिवेचंच बोलू या." मॅडमनी काटकी उचलून मातीत पृथ्वी काढली, लांबवर सूर्य काढला. "दोघांच्या ओढीचा जिथं तोल साधतो, त्या शिवेपाशी यान घिरट्या घालत राहतं. मावळतच नाही हो तिथं सूर्य!"

"मंग कुनीकडं पडत न्हाई?"

"पडेल की! जरा कललं की घसरायलाच लागतं. म्हणून अधूनमधून इंजिन थोडंसं चालवायचं. एवढासाच रेटा, पण चुकवायचा नाही."

शंकररावांनी वाकून त्या रेघांमधल्या शिवेवर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाले, "आन् हिला तितं कोन देनार रेटा?"

"तुम्ही! दर रविवारी फोन करायचा."

सारिका गेली. यान ठरल्या जागी पोचलं त्या दिवशी मॅडमनी अख्ख्या शाळेला पेढे वाटले आणि स्टाफरूममध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून चक्क रडल्या.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर मला बसवेना. रजेवर रजा टाकत घरीच राहिले. एका रविवारी मोबाईल वाजला. शंकरराव होते.

"पोरीला केला फोन. मंग म्हनलं, तुमालाबी करावा. म्याडम न्हाईत आता... तुमी घरीच बसलाय म्हनं. शाळंत जावा की, बाई."

रडू आलंच. पण सोमवारी एसटीच्या दारात मी घुटमळले नाही.